नॅकचं विद्यार्थी सर्वेक्षण: कोणाला भरता येतं, काय लागतं आणि एकविसाव्या प्रश्नात काय लिहायचं

कॉलेजला नॅकचं, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, मूल्यांकन करून घ्यायचं असलं की विद्यार्थ्यांचं मतही विचारलं जातं. २०१७ च्या चौकटीपासून त्यासाठी ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ घेतलं जातं. कॉलेज स्वतः सत्राच्या शेवटी जो फीडबॅक फॉर्म भरून घेतं, तो वेगळा.

हे सर्वेक्षण सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कुठेही अर्ज करावा लागत नाही. कॉलेज आपल्या विद्यार्थ्यांची यादी नॅकला देतं आणि ईमेलवर लिंक येते. कागदपत्रंही लागत नाहीत. लागतो तो कॉलेजच्या दप्तरातला बरोबर ईमेल. गोची नेमकी इथेच होते. प्रवेशाचा फॉर्म सायबर कॅफेत भरला असेल, तर तिथे कॅफेवाल्याचाच ईमेल पडलेला असू शकतो. ऑफिसात जाऊन एकदा तपासा. लिंक आली नाही, तर स्पॅम फोल्डरही बघा.

प्रश्न एकवीस. पहिल्या वीस प्रश्नांना पाच-पाच पर्याय असतात: वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण न्याय्य पद्धतीने दिले जातात का, वगैरे. सगळे प्रश्न सोडवणं सक्तीचं आहे. ओळख उघड केली जात नाही, असं प्रश्नावलीतच म्हटलेलं आहे. तरी सरसकट ‘उत्तम’वर टिक करणारे आणि रागाच्या भरात सगळीकडे सर्वांत खालचा पर्याय निवडणारे, दोघांचेही फॉर्म माझ्या मते सारखेच निरुपयोगी.

खरी जागा एकविसाव्या प्रश्नाची. तिथे अध्यापनाबाबत तीन सूचना लिहायच्या असतात. कॅन्टीन, पार्किंग, वसतिगृह तिथे नको. ‘सर नीट शिकवत नाहीत’ यावर कोण काय करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘संख्याशास्त्राची शेवटची दोन प्रकरणं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकली, उदाहरणं सोडवायला वेळच मिळाला नाही. प्रात्यक्षिकाचा एक तास उदाहरणांसाठी दिला तर जमेल.’ काय घडलं, त्याने काय अडलं आणि काय करता येईल, एवढं आलं की पुरे. जे चांगलं चाललंय तेही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी नेमकं तेच बंद पडायचं.

अभ्यासक्रमच जुनाट वाटत असेल, तर संलग्न कॉलेजातल्या शिक्षकाच्या हातात फारसं काही नसतं. तो अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा विषय. हे मत कॉलेजच्या फीडबॅक फॉर्ममधल्या अभ्यासक्रमाच्या भागात लिहा.

गुणांत अन्याय, छळ किंवा भेदभाव झाला असेल, तर तो अभिप्राय नव्हे, तक्रार आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्यावी. समितीला अहवालासाठी कामकाजाचे १५ दिवस असतात. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अशी अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. इथे मात्र पुरावे हवेत: गुणपत्रिका, ईमेल, आणि अर्जाची पोच घेतलेली प्रत.