टेन्शन सोडून दुसरा शब्द सांगा

लालबागच्या एका जुन्या चाळीचा तळमजल्यावरचा हॉल. शनिवारची दुपार, बाहेर धो धो पाऊस, आत सतरंजीवर पंधरा-वीस पोरं. सातवीपासून अकरावीपर्यंतची. समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी फळ्यापाशी उभी होती, सगळे तिला ताई म्हणत होते. तिने एकच अट घातली होती. गेल्या आठवड्यात कसं वाटलं ते सांगायचं, पण ‘टेन्शन’ हा शब्द वापरायचा नाही.

पहिली पाच मिनिटं कोणाला काही सुचेना. ‘बोअर’ आला, ‘डोक्याची मंडई’ आली, हशा झाला. मग मागून बारीक आवाज आला, ‘धाकधूक.’ ताईने लिहिलं आणि बांध फुटला. चिडचिड, धास्ती, हिरमुसणं, हुरहुर. एक मुलगी म्हणाली, ‘माळ्यावर झोपल्यावर होतं ना, तसं. पंखा असतो, पण हवा येत नाही.’ तिला शब्द आठवत नव्हता, शेजारणीने पुरवला : घुसमट. आठवीतला एक मुलगा म्हणाला, ‘पोटात गोळा येतो.’ परीक्षेला? ‘नाय. रात्री जिन्यात बाबांच्या चपलांचा आवाज येतो, तेव्हा.’ ताईने पुढे काही विचारलं नाही. ‘पोटात गोळा’ लिहिलं आणि दुसऱ्याकडे वळली. हॉल सुटल्यावर मात्र ती त्याच्यासोबत गेटपर्यंत चालत गेली, तेही एका छत्रीत.

मी तिथे गेलो होतो मित्राच्या आग्रहाखातर, आणि खरं सांगायचं तर नाक मुरडतच. शब्दांच्या भेंड्या खेळून मनाचं काय भलं होणार? घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की त्या फळ्यामागे बरंच विज्ञान आहे.

२००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये केलेला एक प्रयोग बघा. माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डला. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं एक मुख्य काम, आणि असे चेहरे दिसले की तो खडबडून जागा होतो. पण चेहऱ्यावरच्या भावनेला साजेसा शब्द निवडायला सांगितलं, की अमिग्डलाची धडपड कमी होई आणि कपाळामागच्या, लगाम खेचणाऱ्या भागातली हालचाल वाढे. त्याच चेहऱ्याला नुसतं बाईचं किंवा पुरुषाचं नाव द्यायला सांगितलं, तर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे कुठलंही लेबल चालत नाही, भावनेचं नाव लागतं.

आता यात वयाचा मुद्दा घाला. एरिक नूक यांच्या गटाने २०१८ साली ५ ते २५ वर्षांच्या मुलामाणसांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवून विचारलं, राग किती आला, दुःख किती झालं, भीती किती वाटली. लहान मुलं बहुधा एका वेळी एकच भावना सांगत. मोठ्यांना एकाच वेळी अनेक भावना जाणवत, पण त्या वेगळ्या काढता येत. मधल्या वयाची पंचाईत होती. सगळं एकदम वाटतंय आणि काहीच निवडून काढता येत नाही, अशी नुसती खिचडी. आपल्याकडे या खिचडीला पोरांनी नाव ठेवलंय ‘टेन्शन’. ताईची अट त्यामुळे वाटते तितकी पोरकट नव्हती. शब्द शोधता शोधता खिचडीतले डाळ-तांदूळ वेगळे होतात.

हे वय नाजूक असतं हे आजी-आजोबाही सांगतील, पण किती नाजूक ते आकड्यांत पाहिलं की दचकायला होतं. मानसिक आजार कोणत्या वयात सुरू होतात, यावरच्या १९२ अभ्यासांची एकत्र छाननी २०२१ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीचं सर्वाधिक प्रमाण निघालं साडेचौदा वर्षांच्या आसपास, आणि जवळजवळ निम्मे आजार अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले होते. भावनांचा जोर वाढवणारी मेंदूतली यंत्रणा वयात येतानाच तापते, तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. इंजिन आलंय, ब्रेकचं काम चालू आहे.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के होतं. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा मुंबईला चिकटवू नये. तरी अंदाजापुरतं धरलं तर साठ मुलांच्या वर्गात आठ जण. आणि देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणएक. त्यातले मुलांवर खास काम करणारे तर हाताच्या बोटांवर. प्रत्येक मुलापर्यंत डॉक्टर पोहोचेल, ही आशा सोडून देऊनच पुढचा विचार करावा लागतो.

मग पोहोचणार कोण? याचं एक उत्तर बिहारमधून आलं. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शाळांचे तीन गट केले होते. एका गटात नेहमीचा सरकारी जीवनकौशल्यांचा कार्यक्रम. दुसऱ्यात त्याच्या जोडीला ‘सेहर मित्र’, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण थोडं प्रशिक्षण दिलेला माणूस. तिसऱ्या गटात हेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे. उपक्रम अगदी साधे होते : परिपाठाच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. सेहर मित्र असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांमध्ये असा काही परिणाम दिसला नाही.

यावर शिक्षकांना बोल लावायला नको. निवडणूक, जनगणना, खिचडीचा हिशेब आणि वर अभ्यासक्रम, यातून वेळ कुठला? मला दुसरंही एक कारण दिसतं. जो माणूस आपले पेपर तपासतो, ज्याची घरच्यांशी पालकसभेत गाठ पडते, त्याच्यापुढे कोण पोटातला गोळा काढून दाखवेल? ऐकणारा माणूस जवळचा हवा, पण आपल्यावर सत्ता नसलेला हवा. चाळीतली ताई नेमकी त्या जागी उभी असते. आत्याही असते कधी कधी, पण ती आईला सांगते.

युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला. १० देश, १६८ शाळा, ११ हजारांहून जास्त विद्यार्थी, निष्कर्ष २०१५चे. एका गटात शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवलं, दुसऱ्यात तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेतली, तिसऱ्यात मुलांनीच प्रसंग उभे करून नाट्यरूपाने सादर केले : मैत्रिणीने बोलणं टाकलंय, घरी भांडण झालंय, मित्र जगायचंच नाही म्हणतोय. वर्षभरानंतर या तिसऱ्या गटात आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचं प्रमाण तुलनेसाठी ठेवलेल्या चौथ्या गटापेक्षा जवळजवळ निम्मं होतं. बाकी दोन गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. हे वाचून मला आपली एकांकिका करणारी, पथनाट्यासाठी डफ घेऊन स्टेशनाबाहेर उभी राहणारी कॉलेजची पोरं आठवली. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायची सवय या शहराला नवी नाही.

सगळेच उपक्रम मात्र लागू पडत नाहीत. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांचे दोन गट करून एका गटाला सजग ध्यानाचे धडे देऊन पाहिले. २०२२ साली हाती आलेलं उत्तर : नेहमीच्या शिकवण्याहून काडीचाही जास्त फायदा नाही. सरसकट सगळ्या वर्गाला वरून ओतलेलं औषध बऱ्याचदा वाहून जातं. दर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, हे मला आठवतं. बॅनर, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, दीड तासाचं व्याख्यान, सेल्फी पॉइंट. एका शाळेत मी पाहुणा म्हणून बोललो होतो. ‘मन मोकळं करा’ असं मी सांगत असताना मागच्या रांगेत चुळबूळ करणाऱ्या मुलाला सरांनी कान धरून बाहेर उभं केलं. माझं भाषण तिथेच संपायला हवं होतं, पण मी पुढे वीस मिनिटं बोललो.

या तारखेने एक काम मात्र चांगलं केलं. २०२२ साली त्याच दिवशी केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक त्याहून जुना आणि आपल्याच गावचा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर राहणारी मुलं डोळ्यांसमोर होती. दहा-नऊ-आठ, उलटी मोजणी, म्हणून एकदा ऐकला की विसरत नाही. याच संस्थेने २०१२ पासून चालवलेल्या ‘आयकॉल’ या फोनसेवेवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिच्या ‘वेध’ या कार्यक्रमाला गेलेली एक पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. धारावीत ‘स्नेहा’ ही संस्था किशोरवयीन मुलामुलींबरोबर वस्तीतच काम करते. शीव रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९९९ साली उभी केली. आणि केईएम, नायर, शीव या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. रांग लागते, बाकावर बसावं लागतं, पण केसपेपर काढायला खिसा रिकामा करावा लागत नाही.

पुढचं वाक्य पालकांसाठी. मूल पंधरवड्याहून जास्त काळ कोमेजलेलं असेल, झोप-जेवण बदललं असेल, खेळायला जाणं बंद झालं असेल, तर वाट बघू नका. मरणाची भाषा बोललं, तर ‘तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का’ असं सरळ विचारा. विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरतं, ही समजूत खोटी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांवर हे तपासून झालंय, २००५ सालीच. विचारलेल्या मुलांना जास्त त्रास झाला नाही, आणि आधीच खचलेल्यांचा त्रास तर थोडा कमी झालेला दिसला. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, १४४१६ फिरवा किंवा थेट रुग्णालय गाठा.

जाता जाता एक गंमत. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ एक-दोन तास मागे सरकतं. रात्री अकराच्या आधी डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला उठवत नाही, ही आळशीपणाची खूण नाही, त्या वयाचं शरीरशास्त्र आहे. अपुरी झोप आणि उदासी यांचं नातंही पक्कं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. म्हणजे जी चिमुरडी पहाटे सहालाच उठून घर डोक्यावर घेतात त्यांना सवलत, आणि ज्यांना खरी गरज ती नववी-दहावीची पोरं सातच्या घंटेला दप्तर घेऊन हजर.

कायद्याच्या बाजूने अलीकडे एक मोठी गोष्ट घडली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं म्हटलंय. कागदावर जागा भरेल. तो माणूस किती दिवस टिकतो, कोणत्या खोलीत बसतो आणि त्या खोलीचा दरवाजा मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर उघडतो का, यावर पुढचं ठरेल.

लालबागचा हॉल सहा वाजता भजनी मंडळाला द्यायचा असतो. त्या शनिवारी पाच मिनिटं उशीर झाला, तर काकू टाळ घेऊन दारातच उभ्या. पोरं चपला शोधत होती, ताई गेटपाशी, फळा तसाच राहिलेला. मी पुसायला डस्टर उचललं. एक काकू चष्मा सावरत फळा वाचत होत्या, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

‘हे पोरांनी लिहिलं?’

‘सांगितलं त्यांनी. ताईने लिहिलं.’

त्यांनी माझ्या हातातलं डस्टर घेऊन पेटीवर ठेवलं, खडू उचलला आणि ‘पोटात गोळा’च्या खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं : रुखरुख.

‘हा राहिला होता,’ म्हणाल्या, आणि सतरंजी सरळ करायला लागल्या.