पिंगमधलं "टाइम्ड आउट" आणि "अनरीचेबल" एकच नव्हे हो!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला हॉटेल गच्च भरलेलं, किचनमधला केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) प्रिंटर गप्प, आणि काउंटरवरून फोन येतो की "पिंग होत नाय". (पिंग म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या डिव्हाइसला "आहेस का?" विचारून उत्तराची वाट बघणं.) अरे पण स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाच की! लगेच फायरवॉल (नको ते ट्रॅफिक अडवणारं सॉफ्टवेअर) बंद करून मोकळे होतात, याचाच मला राग येतो.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट" सगळ्यांना ठाऊक आहे. पिंग गेलं, विंडोजने ४ सेकंद वाट बघितली, उत्तर आलं नाही. बस्स.

घोळ होतो तो "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल"मध्ये, कारण त्या ओळीची सुरुवातच "रिप्लाय फ्रॉम" अशी असते आणि खाली लॉस (हरवलेली पॅकेट्स) ० टक्के दाखवतात, मग लोक तेवढाच स्क्रीनशॉट पाठवून म्हणतात नेटवर्क एकदम ओके. रिप्लाय कोणाकडून आलाय ते बघा ना, बहुतेक वेळा तो तुमच्याच पीसीचा ॲड्रेस असतो! होतं असं की एकाच नेटवर्कवर पिंग पाठवायच्या आधी पीसी एआरपीने सगळ्यांना विचारतो, १९२.१६८.१.५० (समजा हा प्रिंटरचा आयपी ॲड्रेस) कोण रे, तुझा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) दे. कोणीच ओ दिली नाही तर पिंगचं पॅकेट बाहेर पडतच नाही आणि पीसी स्वतःच स्वतःला कळवतो की पोचता येत नाही. इथे तुमच्या फायरवॉलशी खेळून काय मिळणार? केबल बघा, प्रिंटर चालू आहे का बघा, आणि पावसात करंट जाऊन राउटर रीस्टार्ट झाला असेल तर डीएचसीपीने (राउटरची आयपी वाटायची सोय) प्रिंटरला शेवटी ५० ऐवजी ५३ असलेला आयपी तर दिला नाही ना, ते आधी बघा. कळंगुटसारख्या ठिकाणी गेस्ट वायफायवर आयसोलेशन (डिव्हाइसना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू ठेवतात, तिथे दोन डिव्हाइस शेजारी ठेवले तरी एकमेकांना दिसत नाहीत.

(रिप्लाय राउटरच्या ॲड्रेसवरून असेल तर पुढच्या रूटचं किंवा दुसऱ्या नेटवर्कचं दुखणं, ते वेगळं.)

टाइम्ड आउट आलं की कमांड प्रॉम्प्टमध्ये "एआरपी -ए" (arp -a) मारा. त्या आयपीसमोर मॅक दिसला तर समोरच्याने ओ दिलीय, फक्त पिंग गिळलंय, आणि समोर विंडोज असेल तर नव्वद टक्के संशय फायरवॉलवरच घ्या. फक्त आत्ताच बंद पडलेल्या डिव्हाइसचा मॅक थोडा वेळ कॅशमध्ये (पीसीच्या तात्पुरत्या यादीत) राहतो, म्हणून आधी "एआरपी -डी" (arp -d) करून ती नोंद उडवा आणि परत पिंग करा.

आणि फायरवॉल कायमची बंद ठेवू नका, प्लीज. नेटवर्क पब्लिक वरून प्रायव्हेट करा, फायरवॉलमध्ये इको रिक्वेस्टचा (म्हणजे पिंगचाच) रूल चालू करा. प्रिंटर पिंगला गप्प बसला तरी ९१०० पोर्ट (छापायचा डेटा घ्यायचं दार) उघडा असेल तर केओटी निघते, तेव्हा पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनने तो पोर्ट तपासा. शिवाय राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी रिझर्व्ह करून टाका, म्हणजे पुढच्या वेळी करंट गेला तरी ५० चा ५० च राहील.