'स्टेशनरी'तला ए आणि ई

शाळेत असताना विज्ञानाच्या वहीत मी 'स्थिर वस्तू'साठी 'स्टेशनरी' हा शब्द इंग्रजीत लिहिला आणि शेवटून तिसऱ्या जागी 'ए'ऐवजी 'ई' घातला. बाईंनी त्या एका अक्षराभोवती लाल गोल काढला. 'ए' असेल तर जागचं न हलणारं, 'ई' असेल तर वह्या, पाकिटं, शाई. उच्चार एकच, देवनागरीतही दोन्ही सारखेच दिसतात. 'एन्व्हलपचा ई' ही खूण शिक्षक सांगतात आणि ती कामीही येते. पण हे दोन शब्द एवढे सारखे का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते मुलांना आधी तेच सांगायला हवं.

मध्ययुगीन युरोपात बराचसा किरकोळ माल फेरीवाले विकत. विद्यापीठांच्या आसपासचे पुस्तकवाले मात्र एका जागी ठाण मांडून बसत, म्हणून लॅटिनमध्ये त्यांना 'स्टॅशनारियुस' म्हणू लागले. (आपल्या 'स्थान', 'स्थिर'मधला 'स्था' धातू आणि या शब्दामागचा लॅटिन धातू एकाच मुळाचे, 'रेल्वे स्टेशन'ही त्याच घरातलं.) छपाई अजून यायची होती. पॅरिस, बोलोन्यासारख्या ठिकाणी या दुकानदाराकडे ग्रंथाची तपासलेली प्रत सुट्या भागांत असे. विद्यार्थी किंवा लेखनिक एक भाग भाड्याने नेई, उतरवून घेई, परत करून पुढचा नेई. त्यामुळे एकच ग्रंथ एकाच वेळी अनेकांना उतरवता येई.

इंग्लंडात तो 'स्टेशनर' झाला. लंडनमध्ये या धंद्यातल्या लोकांचा संघ १४०३ साली उभा राहिला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाल्यावर देशातल्या छपाईवरच त्याची हुकमत आली. पुढे पुस्तकं विकणारा 'बुकसेलर' म्हणून वेगळा निघाला आणि स्टेशनरच्या वाट्याला कागद, लेखण्या, शाई उरली. त्याच्याकडचा माल तो 'ई'वाला शब्द. 'ए'वाला थेट लॅटिन विशेषणावरून आला. म्हणजे आपल्या नाक्यावरच्या 'जनरल स्टोअर्स अँड स्टेशनरी' या पाटीत तो ठाण मांडून बसलेला पुस्तकवाला अजून आहे.

पीठ आणि फूल यांची गोष्ट मला याहून गोड वाटते. 'फ्लॉवर' म्हणजे फूल, आणि जवळजवळ तसाच उच्चारला जाणारा दुसरा शब्द म्हणजे पीठ. हा मुळात एकच शब्द. दळलेल्या गव्हातला सगळ्यात बारीक, उत्तम भाग म्हणजे गव्हाचं 'फूल'. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही पिठाला वेगळं स्पेलिंग नाही; ते पुढे रूढ झालं. धातूसाठीचा 'मेटल' आणि माणसातली धमक सांगणारा, वेगळ्या स्पेलिंगचा 'मेटल' हेही असेच एकाचे दोन झालेले. तसंच स्तुतीचं 'कॉम्प्लिमेंट' आणि पूरकतेचं 'कॉम्प्लिमेंट'.

मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांच्यात आपण चुकतो, पण ते शब्द मुळातच वेगळे. केवळ ऱ्हस्व-दीर्घाने जवळ आलेले. इंग्रजीतल्या या जोड्या उलट्या वाटेने आल्या. अर्थ आधी फुटले, आणि लिहिणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी हळूहळू एकेक स्पेलिंग एकेका अर्थाला वाटून दिलं. माझ्या वहीतला लाल गोल त्या वाटणीतल्या एका अक्षरावर होता.