१.०५० आणि सोलापूरचा मे महिना

माझा भाचा अमेरिकेत राहतो आणि घरी बीअर करतो. तिथे १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बीअर घरी करायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग केला तर गुन्हा, म्हणून सोलापुरात बसून मी त्याचं फक्त गणित करतो. ब्रूफादर, ब्रुअर्स फ्रेंड, बीअरस्मिथ अशी या गणिताची तयार सॉफ्टवेअर मिळतात. त्यातल्या एकाचं खातं त्याने मला उघडून दिलं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या हाती हे खेळणं लागलं, मग काय विचारता!

काम तसं सरळ आहे. जव भिजवून, मोड आणून वाळवले की झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्याच विकरांमुळे पिठूळपणाची साखर होते. तो गोड काढा म्हणजे वर्ट. वर्ट हॉप्सची फुलं घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. सॉफ्टवेअरला तुम्ही कशाचं किती वजन आणि एकूण किती लिटर एवढं सांगता. ते गोडी, मद्याचं प्रमाण, कडूपणा आणि रंग आधीच सांगून मोकळं होतं.

गोडी मोजतात विशिष्ट गुरुत्वावर. शुद्ध पाणी १.०००. दशांशानंतरच्या तीन आकड्यांना ही मंडळी ‘पॉइंट’ म्हणतात. एक किलो माल्टमधली सगळी साखर एक लिटरमध्ये उतरली, तर साधारण ३०० पॉइंट मिळतात. भाच्याचा हिशेब असा: ५ किलो माल्ट, २० लिटर वर्ट, उतारा, म्हणजे त्यातली प्रत्यक्ष वर्टमध्ये उतरणारी साखर, ७५ टक्के. पाच गुणिले तीनशे, त्याचे पाऊण, भागिले वीस. आले ५६, म्हणजे १.०५६. यीस्टने साखर खाऊन ते १.०१२ वर आणलं, तर फरकाला १३१ ने गुणायचं. मद्य पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. या गुणाकाराच्या मागे एकोणिसाव्या शतकातला प्रागचा कार्ल बॉलिंग उभा आहे. त्याचा ताळेबंद असा की २.०६६५ ग्रॅम साखरेतून १ ग्रॅम अल्कोहोल, ०.९५६५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम नवं यीस्ट. बेरीज करून पाहा, पैसाभर इकडे-तिकडे नाही.

आता त्या ७५ टक्क्यांकडे बघा. तो आकडा सॉफ्टवेअरला कुठून कळला? कुठूनच नाही. भाच्याने आधीच्या खेपा मोजून तो काढला आणि रकान्यात भरला. त्याची चक्की, त्याचं पातेलं, त्याची घाई, सगळं त्या एका आकड्यात आलं. दुसऱ्याच्या घरी तो आकडा वेगळा निघेल.

कडूपणाचं सूत्र बहुतेक ठिकाणी ग्लेन टिनसेथ यांचं वापरतात. हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात, पण सावकाश. दहा टक्के अल्फा असलेले २० ग्रॅम हॉप्स वरच्या वर्टमध्ये तासभर उकळले तर कडूपणा २२ येतो, पाव तास उकळले तर ११. वेळ चौपट, कडूपणा दुप्पट! सुरुवातीला भराभर आणि मग मंद, असा घातांकी वक्र त्या सूत्रात बसवला आहे. रंगाचं गणित मी सोडून देतो. एवढंच सांगतो की प्रत्यक्ष बीअरचा रंग ४३० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात आणि ज्या नियमावर तो मोजतात त्या नियमाचं नावही ‘बीअरचा नियम’. हा ऑगस्ट बीअर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ. त्याच्या आडनावाचा आणि पेयाचा संबंध नाही. वर्गात हा नियम आला की मागच्या बाकावर हमखास खसखस पिकायची.

हे सगळं वाचून झालं आणि मला खोड सुचली. हा हिशेब सोलापुरात आणून पाहू.

पहिला प्रयोग कायद्यात बसणारा होता. १३० ग्रॅम साखर विरघळवून बरोबर एक लिटर पाक केला. पॉइंट यायला हवेत ५०. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून विशिष्ट गुरुत्व दाखवणारी काचेची दांडी, सोडला तर दाखवतो १.०४५. साखर नीट विरघळली नाही म्हणावं तर पाक काचेसारखा स्वच्छ. मग भिंतीवरच्या तापमापीकडे लक्ष गेलं: ३८ अंश. हायड्रोमीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो २० अंशांसाठी आखला आहे. गरम पाणी प्रसरण पावतं, हलकं होतं, दांडी खोल बुडते. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाचा रकाना आहे, पण तो भरायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते. विसरलात, तर मद्याच्या आकड्यात साठ-सत्तर शतांश टक्क्यांची चूक.

मग जवाच्या जागी ज्वारी घातली, तीही मंगळवेढ्याची मालदांडी. नवं धान्य म्हणून नोंदवलं, २८० पॉइंट लिहिले, आणि सॉफ्टवेअरने ६६ अंशांवर झकास वर्ट तयार करून दाखवला. कागदावर! प्रत्यक्षात ज्वारीचा स्टार्च फुलायलाच सत्तरच्या आसपास किंवा वर जावं लागतं, आणि साखर करणारं बीटा-अमायलेज पासष्टच्या पुढे झपाट्याने निकामी होतं. शिवाय मोड आलेल्या ज्वारीत ते मुळातच कमी. मळणीत ज्वारीचं टरफल निघून जातं, त्यामुळे जवासारखं स्वतःच्याच फोलातून गाळणंही होत नाही. मोडात धुरिन असतं, ज्यातून सायनाइड सुटतं; कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावतं ते यामुळेच, म्हणून ज्वारीचे मोड वाळवून चोळून काढावे लागतात. यातलं काहीही रकान्यात मावत नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कारखान्यांना ज्वारीवर यावं लागलं, आणि त्यासाठी स्टार्च आधी शिजवणं, बाहेरून विकरं घालणं अशी प्रक्रियाच बदलावी लागली.

राहिलं पाणी. बोअरच्या पाण्याने आमच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे. भरडा भिजवताना सामू (pH) ५.२ ते ५.६ लागतो आणि हे पाणी तो वर खेचतं. सॉफ्टवेअरने यावर लगेच उपाय सुचवला: इतके मिलिलिटर लॅक्टिक आम्ल घाला.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती आंबिलीसाठी ज्वारीच्या पिठात ताक कालवत होती. “मग मी काय घालतेय?” म्हणाली. ताकातलं आम्ल लॅक्टिकच. मी हायड्रोमीटर आणून त्या भांड्यात सोडला. दाट पिठात तो तिरका झाला आणि तसाच रुतून बसला.