खानदेशातल्या कचरा डेपोंचा माग

जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात जातो आणि धुळ्याचा वरखेडीला, हे त्या त्या शहरात कुणीही सांगेल. त्याआधी तो कुठे पडत होता, असं विचारलं की उत्तरं विरळ होतात. चोपडा, पारोळा, शहादा, तळोदा अशा गावांबद्दल तर जुनी माणसं सांगतील तेवढंच. खानदेशातल्या सगळ्या डेपोंची कालक्रमाने लावलेली एखादी यादी लोकांच्या हाती असायला हवी. ती का जमली नाही, याला इतिहास आहे.

धुळे आणि जळगावला नगरपालिका आल्या त्या १८६० च्या दशकात. त्या काळी गावाबाहेर जायचं ते शेण, राख, पालापाचोळा आणि मैला. त्याचं सोनखत व्हायचं आणि शेतकरी ते गाड्या भरून न्यायचे. जागा दरसाल रिकामी व्हायची, म्हणून तिची कायमची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलं नाही. पुढे शहरांच्या विकास आराखड्यांत ‘कंपोस्ट डेपो’ म्हणून आरक्षणं पडली. जुन्या डेपोंचा माग काढताना मी हे आराखडेच सर्वांत भरवशाचे मानतो, कारण त्यांत निदान हद्द आखलेली असते. त्याच जागांवर प्लॅस्टिक येऊ लागलं तसं शेतकऱ्याने तो माल उचलणं सोडलं आणि ढीग साचत गेले.

दुसरी अडचण दप्तरांची. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे नवापूर किंवा शहाद्याचा जुना कागद शोधायचा तर आधी धुळ्याचं दप्तर गाठावं लागतं. सातबाऱ्यावर तर बहुतेक वेळा ‘गायरान’ किंवा ‘सरकारी पड’ एवढंच दिसतं. वर काय साचलंय याची तिथे ओळही नसते.

कायद्याने विचारणा सुरू झाली ती उशिरा. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातून २००० चे नागरी घनकचरा नियम आले. जुन्या जागा २००१ अखेर सुधाराव्यात, पुढे कचरा पुरण्यासाठी, म्हणजे भरावासाठी, जागा २००२ अखेर ठरवाव्यात, प्रक्रिया प्रकल्प २००३ अखेर उभे करावेत, अशा मुदती त्यांत होत्या. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिका झाल्या त्या २००३ मध्येच. २०१६ च्या नियमांनी भरावाच्या जागेला नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती आणि महामार्गापासून २०० मीटर अंतर घातलं आणि वार्षिक अहवाल सक्तीचा केला. पण अहवाल त्या वर्षापुरता बोलतो. बंद पडलेला डेपो त्यातून सहज गळतो.

मग उरतं आकाशातून पाहणं. १९७२ च्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर. दोन-तीन एकरांचा डेपो त्यात एक-दोन ठिपक्यांत संपतो. १९८२ पासून ३० मीटरची चित्रं मिळू लागली. भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने २००५ पासून अडीच मीटरपर्यंत दाखवलं, तेव्हा ढिगाची कड ओळखू येऊ लागली. लँडसॅटचा जुना साठा २००८ पासून फुकट आहे. विकास आराखडा, गावनकाशा आणि ही चित्रं एकावर एक ठेवली तर गेल्या तीस-चाळीस वर्षांचा माग बराचसा लागतो. त्यामागचा काळ मात्र सफाई कामगारांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाच विचारावा लागेल, आणि ते हयात आहेत तोवरच.

घाई आणखी एका कारणाने आहे. शहरांसाठीच्या स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि जुने ढीग बायोमायनिंगने, म्हणजे उकरून, चाळून आणि वेगळे करून, हटवणं हे त्याचं एक उद्दिष्ट ठरलं. काम चांगलंच आहे. पण ढीग गेला म्हणजे कचऱ्यातून झिरपून खाली मुरलेलं काळं पाणी गेलं असं नाही. तापीकाठच्या खोल गाळात ते एका रीतीने उतरतं, धुळे-साक्रीकडच्या काळ्या दगडाच्या भेगांतून दुसऱ्या. डेपोचा ठावठिकाणाच पुसला गेला, तर आसपासच्या विहिरींचं पाणी कुठे आणि किती वर्षं तपासायचं हे ठरवता येणार नाही. बायोमायनिंगपूर्वी ढिगाची मोजणी होतेच. तीच मोजणी गट क्रमांक, चतुःसीमा, सुरू-बंद झाल्याची सालं आणि उताराकडच्या विहिरींसह नगरपालिकेच्या मालमत्ता नोंदवहीत चढवावी, आणि जागेचा सातबारा निघेल तेव्हा ती ‘इतर हक्क’ रकान्यात दिसावी.