बोरिवलीच्या जंगलात येण्याआधी : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली फेरी तुम्ही आमच्यासोबत ठरवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही बोरिवलीतली मोजक्या माणसांची छोटी संस्था. लहान गटांना जंगलात पायी हिंडवून आणणं एवढंच आमचं काम. हे पत्रक घरी निवांत वाचा आणि मुलांनाही वाचून दाखवा, कारण एकदा पायवाटेला लागलो की आम्ही कमी बोलतो आणि जास्त ऐकतो.

बिबट्या दिसेल का?

फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. बहुधा नाही दिसणार. बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो, माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो, आणि रात्री उद्यानात पाहुण्यांना प्रवेश नसतो. बिबटे मात्र इथे नक्की आहेत. २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून झालेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती मुंबई-ठाण्याची वस्ती, आणि त्यात हे जनावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. आम्हाला याचं फार अप्रूप वाटतं.

तो दिसला नाही तरी त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या ओळखायला आम्ही शिकवतो. ओल्या मातीतला ठसा पाहताना आधी नखं शोधायची. कुत्र्याच्या ठशात पुढे नखांच्या टोचा उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा. वाटेच्या मधोमध पडलेली, केसांनी भरलेली विष्ठा म्हणजे त्याने लावलेली हद्दीची पाटीच. त्याहून मोठी खूण आवाजाची. झाडावरचं वानर एकाएकी खाकरल्यासारखं ओरडायला लागलं, चितळ शेपटी उभारून एकाच दिशेला बघत राहिलं, की आम्ही हात वर करून सगळ्यांना थांबवतो. अशा वेळी काही दिसेलच असं नाही. पण आख्खं जंगल एकमेकांना निरोप देतंय आणि तो आपल्यालाही कळतोय, हा अनुभव घेण्यासारखा आहे.

एक खुलासा. उद्यानातल्या सफारीत बसमधून जे वाघ-सिंह दिसतात ते कुंपणातले आहेत. मोकळ्या जंगलात इथे वाघ नाही, सिंह तर नाहीच. सफारी आमच्या फेरीत नसते. मुलांना हवी असेल तर तिचं तिकीट वेगळं काढा.

हे जंगल शहरात उरलं कसं?

पाण्यामुळे. विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. तुळशी तलाव १८७९ चा. दोन्ही तलावांचं पाणलोट क्षेत्र जपायचं म्हणून भोवतालची झाडी राखली गेली, पुढे तिचं राष्ट्रीय उद्यान झालं. दहिसर नदी तुळशीकडून निघते आणि मिठी विहारकडून. पावसाळ्यात मिठीच्या बातम्या टीव्हीवर बघताना तिचा उगम इथे आहे हे आपल्याला आठवत नाही. तलावांच्या काठाशी जाता येत नाही. पाणी पिण्याचं आहे, आणि त्यात मगरीही आहेत.

माणूस तर इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. कान्हेरीची बौद्ध लेणी इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं खोदली जात होती. शंभराहून जास्त लेण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, त्याला पोढी म्हणतात. पावसाचं पाणी कड्यावरून पन्हळींनी पोढीत उतरवायची त्या भिक्षूंची सोय आजही नीट बघता येते. चैत्यगृह बघाच, पण आमचं ऐकाल तर पावसाळ्यात पन्हळींचा माग काढत वर चढा. ओढ्याकाठी शीळकर कस्तूर हा पक्षी गात असेल तर तिथेच बसून राहा. माणूसच शीळ घालतोय असं वाटून लोक मागे वळून बघतात.

उद्यानाच्या हद्दीत आदिवासी पाडे आहेत, वारली कुटुंबं आहेत. वाघोबा हा त्यांचा देव, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. पाड्यावरून जाताना न विचारता घरांचे किंवा माणसांचे फोटो काढू नका. कुणी वडीलधारं भेटलं तर रामराम करा आणि वाट द्या.

कोणत्या महिन्यात यावं?

ज्याला त्याला पावसाळाच हवा असतो. जून-जुलैत जंगल हिरवंगार असतं हे खरं, पण पक्षी पानांत दडतात आणि कातळ निसरडे होतात. आमचा कल सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतच्या दिवसांकडे आहे. तेरडा आणि कळलावी फुललेली असते, फुलपाखरं भरपूर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते राणी पाखरू, म्हणजे ब्लू मॉरमॉन, ओढ्याकडेच्या ओल्या मातीवर बसून क्षार शोषताना या दिवसांत हमखास दिसतं.

याच दिवसांत पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना बांधलेली वुड स्पायडर या कोळ्याची मोठमोठी जाळी असतात. मधोमध डोकं खाली करून बसलेली, पिवळ्या पट्ट्यांची, पाय पसरले की तळहात भरेल एवढी मोठी दिसते ती मादी. बहुतेकजण तिला बघून दोन पावलं मागे सरतात आणि पुढे जातात. आम्ही तिथे थांबवतो. उन्हाच्या तिरिपेत धागा निरखा, रंग सोनेरी असतो. आता जाळ्याच्या वरच्या कडेला बघा : तिथे जो तांबूस, बोटाच्या पेराहूनही लहान कोळी बसलाय तो तिचा नर. आणखी थोडा वेळ दिलात तर धाग्यांवर पाऱ्याच्या थेंबांसारखे चकाकणारे बारके जीव हलताना दिसतील. तेही कोळीच आहेत, दुसऱ्या जातीचे. ते मादीच्या जाळ्यात राहतात आणि तिच्या शिकारीतलं चोरून खातात. एका जाळ्यात एवढा संसार! म्हणून काठीने जाळी तोडत पुढे जाणाऱ्यांना आम्ही स्पष्टपणे अडवतो. वाकून खालून जाता येतं.

थंडी सरताना पानं गळतात आणि पक्षी उघडे पडतात. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, मग पळस आणि पांगारा. फुललेल्या सावरीखाली तासभर बसलं तरी पुरे : मैना, कोतवाल, हळद्या, शिंजीर, सगळे मधासाठी तिथेच येतात. पानं गळली की उंच फांद्यांवरची मुंग्यांची तपकिरी, मातकट घरटीही दिसू लागतात. त्यांतल्या एखाद्याला गोल भोक असेल तर आम्हाला जरूर सांगा. तांबूस सुतार हा पक्षी त्या मुंग्या खातो आणि त्यांच्याच नांदत्या घरट्यात बीळ करून अंडी घालतो.

एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो. ज्यांना पक्षी आणि झाडांच्या साली बघायच्या आहेत त्यांनीच यावं. कांडोळाचं पांढरंफटक, गुळगुळीत खोड मात्र तेव्हाच उठून दिसतं.

कारवी या झुडपाबद्दल बरेच फोन येतात. इथली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, म्हणजे पुढचा बहर २०३२ चा. फुलून झालं की झाडं बी धरून मरतात आणि नवी रोपं पावसात वर येतात. मधल्या वर्षांत फुलांसाठी येऊ नका. पण उतारच्या उतार व्यापणारी ही झुडपं एरवीही बघण्यासारखी आहेत, पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असतात.

येताना

उद्यान सोमवारी बंद असतं. इतर दिवशी आपण सकाळी दार उघडतानाच आत जातो, कारण पहिल्या दोन तासांत जे ऐकू येतं ते दहानंतर येत नाही. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरा, तिथून मुख्य दारापर्यंत रिक्षा मिळते, चालतही येता येतं. शिलोंड्यासारख्या पायवाटांना वनविभागाची आगाऊ परवानगी लागते. ती आम्ही काढतो, त्यासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत आधी पाठवा. पहिल्यांदाच येणाऱ्यांना, आजी-आजोबांना आणि लहान मुलांना आम्ही शिलोंडाच सुचवतो. वाट बरीचशी सपाट आणि ओढ्याच्या सोबतीने जाणारी आहे. जांभूळमाळ हे उद्यानातलं सर्वांत उंच ठिकाण, तिथे चढ आहे आणि दमछाक होते.

कपडे पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरव्या रंगाचे. अत्तर, परफ्यूम नको. पँट मोज्यात खोचा. पावसानंतर गवतात गोचिडी असतात आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेला नीट तपासून घ्यावं लागतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला वेलींवर तपकिरी, मखमली शेंगा लटकलेल्या दिसतील. ती खाजकुयली. हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका. कुसं लागलीच तर चोळू नका, आमच्याकडे चिकटपट्टी असते, तिने ती निघतात.

पाणी स्टीलच्या बाटलीत आणा आणि डबा घरचाच. प्लास्टिकची पिशवी किंवा वेफर्सची पाकिटं नकोत, सुगंधाने माकडं अंगावर येतात आणि रिकामी पाकिटं चितळांच्या पोटात जातात. माकडांना काहीही खायला घालू नका, पुण्य म्हणूनसुद्धा नको. खायला मिळायची सवय लागलेलं माकड पुढे हिसकावतं, चावतं, आणि मग पिंजरा त्याच्याच नशिबी येतो.

पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं आम्ही चालू देत नाही. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या खोट्या आवाजाशी भांडायला धावतो आणि अंडी उघडी पडतात. फ्लॅशही नको.

साप दिसला तर जागीच थांबा आणि आमच्या माणसाला सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत. वाट सोडून पालापाचोळ्यात पाय टाकला नाही तर ते तुमच्या वाटेला जात नाहीत. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, खाली वाकू नका, लहान मुलाला उचलून घ्या आणि बिबट्याला जायला वाट ठेवून सावकाश मागे सरा. मोबाइल बाहेर काढून गराडा घालणं सर्वांत वाईट. तुम्ही उद्यानालगत राहत असाल आणि सोसायटीत एखादा वन्यप्राणी शिरला, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

एका गटात आम्ही दहापेक्षा जास्त माणसं घेत नाही. वाढदिवसाची पार्टी, ब्लूटूथ स्पीकर, ड्रोन यांसाठी कृपया आम्हाला विचारू नका. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे किंवा वनविभागाने वाट बंद केल्यामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत मिळतील किंवा दुसरी तारीख घेता येईल. नुसती रिमझिम असेल तर फेरी होते, फक्त छत्रीऐवजी रेनकोट आणा, पायवाटेवर छत्र्या झाडोऱ्यात अडकतात. दुर्बीण नसेल तर आधी कळवा, आमच्याकडे काही जादा आहेत.