एकच गणवेश, एकच कॅन्टीन : मारुतीतल्या जपानी शिस्तीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 1982 मध्ये मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला. सुझुकीचा वाटा अवघा 26 टक्के, बाकी कंपनी भारत सरकारची. तरी गुडगावच्या कारखान्यात रीत चालली ती जपानची.

तोवर आपल्या कारखान्यांत साहेबांची केबिन वेगळी आणि जेवणाची सोयही वेगळी. इथे मात्र व्यवस्थापकीय संचालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांचा गणवेश एक. दुपारी ताट घेऊन सगळे त्याच कॅन्टीनच्या रांगेत. पाळी सुरू होण्याआधी सामूहिक व्यायाम. मारुतीची सुरुवातीची धुरा सांभाळणारे व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव दोघेही सरकारी मुशीत घडलेले, पण त्यांनी हे सगळं नेटाने रुजवलं. जातीपातीच्या आपल्या समाजात ती रांग ही फार मोठी गोष्ट होती, असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली.

जपानमध्ये ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. 1950 मध्ये टोयोटात कामगारकपातीवरून मोठा संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडांना पद सोडावं लागलं. 1953 मध्ये निसानमध्ये टाळेबंदी झाली, लढाऊ संघटना मोडली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत एक अलिखित तडजोड रुळली: कामगाराने कंपनीला आपलं मानायचं आणि कंपनीने त्याला निवृत्तीपर्यंत सांभाळायचं.

भारतात या तडजोडीची पहिली बाजू पोचली, दुसरी हळूहळू सुटत गेली. 2000-01 मध्ये प्रोत्साहन भत्त्यावरून संघर्ष पेटला. पुढे मानेसरच्या नव्या कारखान्यात कायम कामगाराच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार कितीतरी कमी पगारावर उभा राहिला. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची. त्यातच चहा घ्यायचा, लघवीलाही जाऊन यायचं आणि लाइनवर परतायचं. 2011 मध्ये स्वतंत्र संघटनेच्या मागणीसाठी संप झाले. एका रांगेत जेवणाऱ्यांच्या नोकरीची हमी एकसारखी नसेल, तर ती रांग रोज विषमताच दाखवते. व्यवस्थापनाला हे वेळीच दिसायला हवं होतं.

18 जुलै 2012 रोजी मानेसरमध्ये हिंसाचार झाला, आग लागली आणि मनुष्यबळ विभागाचे एक महाव्यवस्थापक त्यात मृत्युमुखी पडले. या हत्येचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही. 2017 मध्ये न्यायालयाने 31 जणांना दोषी ठरवलं. निर्दोष सुटलेल्या 117 जणांपैकी अनेकांची तोवर काही वर्षं तुरुंगात गेली होती.